चौथी मूठ

माझ्या सासूनं मला कधी शेंगदाण्याचा लाडू वळून दिला नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की सुलक्षणाचं मन कोतं. कोतं आहेच. पण ते कशानं झालं तेही ऐका.

लग्न होऊन मी धुळ्याला देवपुरात आले तेव्हापासून ह्या घरात तीनच माणसं. सासू, म्हणजे सुंदरबाई अक्का. माझे हे, नवल. आणि मी. चौथं माणूस आलंच नाही. धुळ्याचे दवाखाने झाले, नाशिकचे झाले, उपास झाले, अंगारे-धुपारे झाले. अक्कानं मला तोंडावर कधी वांझ म्हटलं नाही, खोटं कशाला बोलू? पण शेजारच्या भागाबाईच्या नातवाला मांडीवर घेऊन ती असा सुस्कारा सोडायची की त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या. मी चार परत करून मोकळी झाले असते.

आणि तीच बाई त्या बोदवडच्या पोरीला रोज सकाळी लाडू वळून देत होती! गूळ घातलेला, वरून खोबरं. "खाय व माय, दोन जीवनी शेस तू." दोन जीवांची! मी मोरीत पातेलं असं आपटलं की ह्यांनी बाहेरून विचारलं, काय पडलं गं? म्हटलं, माझं नशीब पडलं, या उचलायला.

पोरीचं नाव दिपमाला. बावीस वर्षांची, जळगावला होस्टेलवर राहून बीएस्सी करत होती. तिथल्याच एका मोबाइलच्या दुकानातल्या पोराशी जमलं. दिवस राहिले तसा तो सुरतेला गेला, आणि त्याचा फोन जो बंद झाला तो झालाच. पोरीनं बिचारीनं ओढणीखाली झाकून झाकून सहावा महिना गाठला. भावाला, मगनला कळलं तेव्हा तो म्हणाला, आमच्यासाठी तू मेलीस. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून पोर धुळ्याच्या दवाखान्यात आली. आमच्या मागच्या गल्लीतली हमीदाबी तिथं आया आहे. तिनं पोरीला बाकावर रडताना पाहिलं, काही विचारलं नाही, रिक्षात घातलं आणि थेट आमच्या दारात आणून उभं केलं. हमीदाबीला आमचं दार माहीत होतं. आता अख्ख्या देवपुराला माहीत आहे.

कारण अक्काच्या घरी कानबाईची खोली आहे. कानबाई म्हणजे आमच्या खान्देशची देवी. श्रावणात एका रविवारी घरोघर बसते, नारळाला नथ, डोळे, वर लाल लुगडं, आणि सोमवारी वाजत-गाजत पांझरा नदीवर विसर्जनाला जाते. अक्काची धाकटी बहीण तानू लग्नाआधी गरोदर राहिली होती. तिनं विहीर जवळ केली. तेव्हा अक्कानं कानबाईपुढं शब्द दिला, की माझ्या दारात अशी बाई आली तर तू कोणाची, ते कोणाचं, असं विचारणार नाही. शेवटची खोली त्यासाठी रिकामी ठेवली. अक्काच्या भजनी बायका कोणी दूध आणतात, कोणी जुनी लुगडी, कोणी दवाखान्यात सोबत जातात. आलेल्या पोरीला अक्का आधी डॉक्टरीणबाईकडे नेते आणि सांगते, तुला काय करायचं ते तू ठरव, कानबाई कोणाचा हात धरत नाही. कोणी मोकळी होऊन गेली. कोणी लेकरू बालकल्याण कमिटीच्या हवाली केलं. कोणी घेऊन गेली. मी त्या सगळ्यांना भाकरी करून घातली आणि कधी कुरकुर केली नाही. त्या रडायच्या, जेवायच्या, जायच्या.

ही मात्र हसायची, आणि तेच मला डाचलं. आल्यावर चार दिवस रडली, पाचव्या दिवसापासून वांग्याचं भरीत काय, कळण्याची भाकरी काय, शेवभाजी काय. "ताई, तुमच्या हाताला काय चव आहे!" म्हणायची आणि ताट चाटूनपुसून स्वच्छ करायची. डोहाळे हो! ज्या डोहाळ्यांची मी इतकी वर्षं वाट बघितली, ते न मागता हिच्या पदरात पडले होते, आणि ते पुरवायला चुलीपुढं मीच! नवससायास मी करायचे आणि फळ हिला! तेही चुकून! देवाच्या दरबारात कारकून झोपला असावा, दुसरं काय.

भागाबाई तर टपलेलीच. कुंपणावरून विचारते कशी, "काय व सुलक्षणा, घरमा पाळना टांगाले लागी का आते?"

"लागेल की," मी म्हटलं, "तुमची जीभ टांगू त्यात, तेवढीच आराम करेल."

पण आत आले आणि पदर तोंडात कोंबून उभी राहिले. ज्वारीच्या डब्याला टेकून. जळत होते मी. ह्याला दुसरा शब्द नाही आणि मला शोधायचाही नाही.

मग एका दुपारी काय झालं, मी तिच्या खोलीत वाळलेले कपडे ठेवायला गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. एकदम म्हणाली, "ताई, हात द्या, हात द्या लवकर!" मला वाटलं हिला उठायचंय. मी हात दिला तर तिनं तो सरळ पोटावर ठेवला. आणि आतून कोणीतरी वळलं. माझ्या तळहाताखाली सरकलं, थांबलं, परत ढकललं.

"तुम्हाला ओळखतंय बघा," ती हसून म्हणाली. "रोज तुमच्याच हातचं खातं ना."

मी न्हाणीत गेले, नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. बाहेर आले ती दुसरीच बाई होऊन आले. तोवर मला त्या पोरीचा हेवा वाटायचा. आता मला ते लेकरू हवं होतं. दुसऱ्या कोणाचं नको, कमिटीच्या यादीतलं नको. माझ्या हाताखाली वळलेलं तेच हवं होतं.

मी आधी ह्यांना बोलले. ह्यांचं नेहमीचं, "अक्काला विचार." म्हणून अक्काला विचारलं. ती निवडत होती तांदूळ, तशीच निवडत राहिली. ती अहिराणीत बोलते, माझं माहेर चाळीसगावचं, तिथं घरात मराठी, म्हणून मी आपलं माझ्या भाषेत सांगते. म्हणाली, पोरीला बाळंत होऊ दे. लेकरू कुशीत घेऊ दे, दूध पाजू दे. त्यावर शुद्धीत, आपल्या मनानं ती देते म्हणाली, तर वकील करू, कमिटी करू, सगळं रीतसर करू. पण त्याआधी तिच्याकडून शब्द घ्यायचा नाही. भ्यालेल्या बाईचा शब्द घेणं म्हणजे तिच्या गळ्यातलं ओरबाडणं.

"म्हणजे मला नाहीच मिळणार," मी म्हटलं.

"मी तसं बोलनी का?"

"बोलायला कशाला पाहिजे?" झालं, माझं तोंड सुटलं. "ह्या खोलीत आलेल्या प्रत्येकीला तुम्ही जवळ घेतलंत. केस विंचरलेत, लाडू वळलेत. मी तुमच्या घरात एवढी वर्षं कोरडी बसले, मला कधी विचारलंत, सुलक्षणा, तुझं काय दुखतं? परक्या पोरीसाठी पान्हा फुटतो तुम्हाला आणि सुनेला नुसते सुस्कारे!"

अक्कानं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता कडाडणार. पण ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू रडनी का कधी मनापुढे? तू भांडनी." मग म्हणाली, रडणाऱ्या बाईच्या जवळ जाता येतं गं. तू दर वेळी दार लावून घेतलंस आणि आतून भांडी आपटलीस. मी कुठून येऊ?

ह्यावर मला उत्तर होतं. मला नेहमीच असतं. पण त्या दिवशी मी सूप उचललं आणि उरलेले तांदूळ रागारागानं निवडून टाकले.

बरं, मी अक्काचं ऐकलं का? नाही ऐकलं.

मी दिपमालाच्या खोलीत जाऊन बसायला लागले. पाय चेपून द्यायचे, केसांना तेल लावायचे. बोलता बोलता म्हणायचे, तुझं शेवटचं वर्ष राहिलंय ना गं? लेकरू काखोटीला मारून कॉलेजात कोण घेतं? पुढं लग्नाचं बघायला नको? मगनदादा आज ना उद्या नेईल तुला, पण एकटीला नेईल. एकही वाक्य खोटं नव्हतं बरं का. सगळं खरं होतं आणि सगळं मी माझ्यासाठी बोलत होते. ती ऐकायची, बोटांनी ओढणीची कड गुंडाळायची. एके दिवशी मी सरळच म्हटलं, "इथं ठेव. माझ्याजवळ. तुला वाटेल तेव्हा येऊन बघ." तिनं ओढणीची कड सोडली. मग म्हणाली, "तुमच्याइतकं कोण करेल त्याचं? हो ताई. तुम्हालाच देते." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

"अक्काला एवढ्यात सांगू नकोस हं," मी म्हटलं.

घ्या. मिळाला शब्द. मला वाटलं होतं, आता जळणं थांबेल. कशाचं थांबतंय! उलट आता तिनं पोटावर हात फिरवला तरी मला वाटायचं, हिचा हात कशाला तिथं? ते माझं आहे. ती त्याच्याशी गुणगुणत बोलायची, ते ऐकून मी कुकरची शिटी मुद्दाम वर करायचे. मनात मी त्याचं बारसं केलं, शाळेत घातलं, आणि त्या सगळ्यात दिपमाला कुठंच नव्हती. ती बोदवडच्या गाडीत बसून गेलेली होती. कायमची.

श्रावण लागला. कानबाई जवळ आली, आणि गहू घ्यायचा दिवस आला.

ही रीत नीट सांगायला हवी. कानबाईच्या आधी घरच्या सुनेनं डोक्यावरून न्हायचं आणि रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू काढायचे. घरात जितकी माणसं तितक्या मुठी. मूठ भरून, वर एक चिमूट, म्हणजे सव्वा. मूठ घेताना तोंडातून शब्द काढायचा नाही. ज्याची मूठ त्याचं नाव मनात घ्यायचं. त्याच गव्हाच्या पिठाचे रोट करायचे, ज्याच्या त्याच्या नावाचा एक. ते घरच्यांनीच खायचे, परक्याला कणसुद्धा नाही. लग्न झालेली लेकही त्या दिवशी परकी, तिची मूठ तिच्या सासरी. आणि ज्याचा रोट त्यानं तो संपवायचाच, टाकला तर त्या माणसाला बाधतो. बाधतो की नाही कानबाई जाणे, आमच्या घरात कोणी करून बघितलेलं नाही. आमच्याकडे आणखी एक आहे. वाढताना सुनेनं देवीपुढं बसून एकेक रोट उचलायचा आणि आता मोठ्यानं नाव सांगायचं. मनात जे घेतलं होतं तेच. तिथं लबाडी चालत नाही.

खोलीतल्या आधीच्या पोरींना अक्कानं सगळं दिलं, रोट कधी दिला नाही. त्यांना वेगळ्या पिठाची पुरणपोळी. रोटापाशी अक्काची माया थांबते आणि रीत सुरू होते. आणि मूठ ही सुनेची. त्यात सासूलाही बोलता येत नाही.

तर मी ओल्या केसांनी पाटावर बसले. अक्का समोर. दिपमाला तिच्या खोलीच्या उंबऱ्यात, आता तिला खाली बसताना भिंत धरावी लागायची. मी पहिली मूठ घेतली, अक्काची. दुसरी ह्यांची. तिसरी माझी. दर वर्षी इथं हात झटकून उठायचे मी.

त्या दिवशी उठले नाही. मला वाटलं, कागद-कमिटी सगळं पुढचं पुढं. आधी कानबाईच्या दप्तरी नाव लागू दे. एकदा ह्या घरात त्याची मूठ पडली की ते ह्या घरचं झालं, मग कोणाची माय व्याली आहे ते न्यायला! मी चौथी मूठ घेतली आणि मनात म्हटलं, माझ्या लेकराची. पोटातल्या त्या जिवाची. चिमूट घातली ती जरा मोठीच घातली.

समोर बघते तर अक्काच्या डोळ्यांत पाणी. बोलायचं नव्हतं म्हणून ती बोलली नाही. पण गव्हाची टोपली झाकल्यावर उठली आणि तिनं माझ्या ओल्या डोक्यावर हात ठेवला. "सोनं शे मनी सून," म्हणाली. मग आत गेली, डब्यातून शेंगदाण्याचा लाडू आणला आणि माझ्या हातावर ठेवला.

तिला वाटलं होतं, मी दिपमालाची मूठ घेतली.

मला तेव्हाच बोलता आलं असतं. नाही बोलले. लाडू खाल्ला. इतक्या वर्षांनी मिळाला होता, सोडते कशाला? गोड होता आणि गिळवत नव्हता. त्या संध्याकाळी दिपमालानं माझ्याकडून वाती हिसकून घेऊन स्वतः वळल्या, अंगणात रांगोळी घातली, एवढं पोट घेऊन. भागाबाई म्हणाली, पोर बरी खुशीत आहे आज. मला वाटलं, असेल सणाची हौस.

रविवारी कानबाई बसली. दुपारी पुरण झालं, खीर झाली, गंगाफळाची भाजी झाली, रोट झाले. भजनी बायका रात्री गाणी म्हणायला येणार होत्या. रोटाच्या वेळी आम्ही घरचेच. अक्कानं ताटं मांडली. मोजून चार. चौथ्या ताटाशी पाट टाकला आणि खोलीकडे बघून हाक मारली, "ये व दिपमाला, बस." ती साडी नेसून आली. माझीच जुनी हिरवी साडी होती ती, अक्कानं दिलेली. हातात हिरव्या बांगड्या घातल्या होत्या. ती पाटावर बसली आणि मला कळलं, की मी पुरती अडकले.

मी देवीपुढं बसले. पहिला रोट उचलला. "सुंदरबाईचा." दुसरा, "नवलचा." तिसरा, "सुलक्षणाचा." ज्याच्या त्याच्या ताटात ठेवला.

चौथा उचलला आणि हात तसाच राहिला.

"दिपमालाचा" म्हटलं की संपत होतं. पाच अक्षरं. पण मग ती ह्या घरची झाली, लेक झाली, आणि लेकीचं लेकरू काढून घ्यायची छाती कोणाची? आणि ते खोटंही होतं. समोर नथ घातलेली कानबाई माझ्याकडे रोखून बघत होती. मला तिची भीती वाटली हे खरं. पण त्याहून जास्त, मला ते लेकरू सोडवेना. मी म्हटलं, "पोटातल्याचा. माझ्या लेकराचा."

 मग अक्का हळू म्हणाली, "हाऊ रोट कोना शे? परत सांग."

"लेकराचा," मी म्हटलं. "मूठ त्याच्या नावाची घेतली होती. हिची नव्हती."

दिपमाला माझ्याकडे बघत होती. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं, रागाशी माझी जुनी ओळख आहे. ती एवढंच म्हणाली, "ताई, मला वाटलं माझी घेतलीत." मग ताटाकडे बघून, "भाऊनं मेली म्हटल्यापासून मला कोणी मोजलंच नव्हतं. तुम्ही चौथी मूठ घेतली तेव्हा मी उंबऱ्यातून बघत होते. मला वाटलं, ह्यांनी मला धरलं."

आणि भिंत धरून उठायला लागली.

"बस," अक्का म्हणाली. "लेकराचा रोट लेकराच्या पोटात जायचा. तू खाल्ल्याशिवाय कसा जाईल?"

"माझ्या नावाची मूठ नाही, अक्का. परक्यानं कसा खायचा? तुमचीच रीत आहे ना?" पोरीचं बोलणं पक्कं होतं. "मी नाही खाणार."

झाली पंचाईत. रोट माझ्या हातात. लेकराचा रोट, आणि तो खायला लेकराला तोंड नाही. तोंड आहे ते हिचं, आणि हिला मी मोजलेलं नाही. नाही खाल्ला तर बाधतो. कोणाला? ज्याच्या नावाचा त्याला. माझ्याच हातानं मी त्याला देवीपुढं उघड्यावर आणून ठेवलं होतं, आईला वगळून. कोणत्या घरात लेकराला मूठ असते आणि आईला नसते? हे मला गहू घेताना सुचलं नाही. अक्कल गहाण ठेवून मूठ घेतली होती मी.

हे मधेच म्हणाले, "मना रोट दी टाक तिले."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं. "मूठ माझ्या हातची, निस्तरायची पण मीच."

मी माझ्या ताटातला रोट उचलला. दिपमालाच्या ताटात तो ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, "सुलक्षणानं घेतलेली मूठ, आजपासून दिपमालाची." मग त्याच्यावर दुसरा ठेवला. "आणि हा हिच्या लेकराचा."

हिच्या. ती दोन अक्षरं बोलायला माझा जीव निघाला.

मी अक्काकडे बघितलं. "चालतं का?"

अक्कानं कानबाईकडे बघितलं, मग माझ्या रिकाम्या ताटाकडे. "मूठ तुनी," ती म्हणाली. "दिधी त दिधी." मग विचारलं, मग तू काय खाशील?

"मी खात नाही ह्या वर्षी. मरत नाही मी एका रोटानं."

दिपमाला बसली. पण हात लावेना. डोळे वाहत होते. म्हणाली, "ताई, मी तुम्हाला शब्द दिला होता लेकराचा."

अक्कानं चटकन मान वर केली. कळलं तिला. कळू दे म्हटलं.

"दिला होतास," मी म्हटलं. "मी तुला घाबरवून घेतला होता. तो मोडला आता. खा."

"मग मी ते माझ्याजवळच ठेवीन, ताई." तिनं मान खाली घातली होती, पण पाटावरून हलली नाही. "मला त्याला द्यायचं नाहीये कोणालाच. तुम्हालासुद्धा नाही."

"कळलं मला. बहिरी आहे का मी? खा म्हटलं ना."

तिनं तुकडा मोडला. खिरीत बुडवला, तोंडात घातला. दुसरा मोडला. अक्का उठून तिच्यामागे बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली, बाळंतिणीच्या फिरवतात तसा. मी समोर बसून बघत होते. तिच्या ताटात दोघांचं, माझं ताट कोरडं. हेवा वाटला का म्हणून विचाराल तर वाटला. तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या घासागणिक माझं लेकरू तिचं होत चाललं होतं. एकदा तर वाटलं, ओढावं ताट. हात पुढे गेलासुद्धा.

तिनं तो हात बघितला आणि खाणं थांबवलं. मोठे मोठे डोळे करून बघत राहिली.

मी पळी उचलली. "खीर वाढू का अजून?" मी विचारलं. "दोघांना पुरायची नाही तेवढी."